देशीच्या दुकानाची मागची खिडकी

एका नवऱ्याला त्याच्या बायकोबद्दल मी दोन वाक्यं सांगितली. सांगायला नको होती. त्याने तिचा हात मोडला, आणि तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीशी तिचं फाटलं ते फाटलंच. ही माझी चूक. पुष्कळ वर्षं मी ती कोणाला सांगितली नाही.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी मला दिलेला विषय खरं तर दुसरा आहे. दारूवर बंदी घातली तर पिणं कमी होतं, की परवाना देऊन उघड विकली तर? मी उमेदीची सगळी वर्षं देशी दारूच्या दुकानात गल्ल्यावर काढली, आणि मग आमच्या गावात आलेली बंदीही पाहिली. त्यामुळे तुम्ही दोन्हीकडचं लिहू शकता, असं ते म्हणाले. लिहितो. फक्त ती दोन वाक्यं गाळून मला या विषयावर खरं बोलता येत नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा तिथेच अडलो.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं, वर्धा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. नदीपलीकडे वर्धा जिल्हा, आणि तिथे फार पूर्वीपासून दारूबंदी. त्यामुळे अलीकडच्या दुकानांना गिऱ्हाइकाची कमतरता कधी पडली नाही. मालक यवतमाळला राहायचे. मी त्यांचा नोकर. या माणसाला दारू विकण्याची मुभा आहे, असा माझ्या नावाचा सरकारी कागद दुकानात टांगलेला असायचा. त्याला नोकरनामा म्हणतात. माझ्या आईला त्याची लाज वाटे. मला थोडा अभिमान होता, हे कबूल करतो.

बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, पण दारूच्या दुकानाचा परवाना निघतो तो दारूबंदीच्याच कायद्याखाली. कागदोपत्री पिणाऱ्यालाही परवाना लागतो. तो खिशात ठेवून आलेला माणूस मी कधी पाहिला नाही. एका निवृत्त तलाठ्यांनी मात्र एकदा गंभीरपणे विचारलं होतं, ‘‘परभाकर, माहा परवाना काढून घेऊ काय? म्हातारपनी कायद्यात राहावं म्हनतो.’’ मी म्हटलं, काढा. ते विचार करतो म्हणाले आणि पव्वा घेऊन गेले.

काम तसं सोपं. माल सीलबंद यायचा. झाकण ढिलं दिसलं की ती खोकी मी परत पाठवायचो, मालक कितीही चिडले तरी. ठरल्या वेळी उघडायचं, ठरल्या वेळी बंद करायचं. मतदान, गांधी जयंती, गणपती विसर्जन या दिवशी कडी. आमच्या दुकानातल्या मालाने कोणी तडकाफडकी मेला नाही, हे मी छाती पुढे काढून सांगायचो. सावकाश किती मेले ते मोजलं नाही.

कापसाच्या त्या पडत्या वर्षांत लोकांना वाटे, भाव नाही म्हणजे पिणंही कमी होत असेल. गल्ल्यावरून वेगळं दिसायचं. माणसं पव्वा सोडून नव्वदच्या छोट्या बाटलीवर आली, आणि दिवसातून एकदा यायची ती तीनदा येऊ लागली. जिनिंगच्या कारखान्यात काम नव्हतं, घरी बसवत नव्हतं. माझं दुकान जिनिंग आणि घर यांच्या बरोबर मधे.

बाबाराव दाढी-कटिंगवाला हे माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. सकाळी त्याचा हात थरथरायचा, आणि छोटी बाटली पोटात गेली की असा स्थिर व्हायचा की गालावरून वस्तरा पाण्यासारखा फिरे. गावातली शहाणी माणसं आधी माझ्या दुकानावरून चक्कर मारायची, बाबाराव येऊन गेला का विचारायची, आणि मगच दाढीला जायची. गेला नसेल तर म्हणायची, ‘‘पाठव त्याले लवकर, माह्या घरी पाव्हने येऊन राह्यले.’’ आम्ही यावर फार हसायचो. बाबारावही हसायचा.

आता त्या खिडकीबद्दल.

दुकानाच्या मागे एक बोळ होती. पिठाच्या चक्कीवरून घरी जाणाऱ्या बाया त्या बोळीने जायच्या. दुकानाला मागच्या बाजूला हवेसाठी एक लहान जाळीची खिडकी होती. एके दिवशी तिथून आवाज आला, ‘‘परभाकरभाऊ, आज त्यायले एकच देजा. पोरगी तापानं फणफणली हाय.’’ ती वच्छला होती. तिचा नवरा देवराव जिनिंगमध्ये मापाडी, म्हणजे कापसाच्या गाड्यांचं वजन करणारा. त्या संध्याकाळी देवराव आला तेव्हा मी पहिली बाटली दिली, आणि दुसरी मागितली तेव्हा संत्रा, म्हणजे त्याची नेहमीची देशी, संपला म्हणून सांगितलं. तो शिव्या देत घरी गेला. घरी गेला, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या आठवड्यात वच्छलासोबत शोभा आली. ती वच्छलाची शेजारीण, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या होत्या. मग आणखी काही जणी येऊ लागल्या. डोक्यावर दळणाचा डबा, तोंड दुसरीकडे, जाळीजवळ दोन शब्द बोलायच्या आणि चालू लागायच्या. आज एकच. आज अजिबात नाही, आज त्याची बहीण येणार आहे. उद्या पोळा आहे, बैलासमोर उभा राहिला पाहिजे. मी कोणाला माल संपला सांगायचो, कोणाला शेठचा हुकूम आहे सांगायचो, कोणाला नुसतं ‘आज बस झालं’ म्हणायचो. नवऱ्यांना वाटायचं, परभाकर लहरी आहे. मागे खिडकीशी काय ठरतं ते कोणाला माहीत नव्हतं. मालकांनाही नाही.

मला या गोष्टीचा फार मोठेपणा वाटायचा. दारूबंदीवाले भाषणं करतात, मी रोज प्रत्यक्ष आवरतो, असं मी मनात म्हणायचो. उघड दुकान असलं की आवर घालता येतो, समोर माणूस असतो, त्याला नाही म्हणता येतं. हे मी आजही खोटं मानत नाही.

मग गावात बाटलीच्या मतदानाची गोष्ट निघाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावातल्या पुरेशा बायांनी अर्जावर सह्या केल्या तर उत्पादन शुल्क खात्याचे साहेब गावात येतात, एकेकीला समोर बोलावून ‘सही तुमचीच का’ विचारतात. ते जुळलं की बायांचं गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. गावातल्या सगळ्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. जी घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं.

मालकांनी मला निरोप दिला, कोण सह्या गोळा करतं ते कळव. मी कळवलं नाही. कळलं मात्र होतं. कोणी सांगायची गरज नव्हती. खिडकीशी येणाऱ्या बाया एकाच आठवड्यात यायच्या थांबल्या. वच्छला थांबली, शोभा थांबली, बाकीच्याही. दळण घेऊन त्याच बोळीने जायच्या, पण माझ्या जाळीकडे कोणी वळत नव्हती. आता त्यांना रोज एक बाटली कमी नको होती, अख्खं दुकानच नको होतं. बचत गटाच्या नावाने त्या दुपारी अंगणवाडीच्या मागे बसतात, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

मला राग आला. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून जास्त लागलं ते हे की, मी इतकी वर्षं यांचं ऐकलं, आणि यांनी मला न विचारता हे ठरवलं. दुकान गेलं तर हातभट्टी येईल, तिथे कोण यांचं ऐकणार आहे, असं मी स्वतःशीच भांडत होतो. मुद्दा बरोबर होता. म्हणूनच मला आपण काय करतो आहोत ते दिसलं नाही.

त्या दुपारी जिनिंग बंद होती. देवराव लवकर आला. दुसऱ्या बाटलीला मी नाही म्हटलं, सवयीने. आता सांगणारं कोणी नव्हतं तरी. तो चार माणसांत म्हणाला, ‘‘याचं दुकान आता बायाच बंद करनार हायेत, आन् हा आपल्यालेच ऐट दाखवते.’’ सगळे हसले. मी त्याच्याकडे न पाहता बाटली पुसत म्हटलं, ‘‘देवरावभाऊ, तुले एकच द्याची हे इतके वर्ष तुही बायकोच मले मांगच्या खिडकीतून सांगत होती. आता येत नाई, अंगणवाडीच्या मांगं काय करते ते तिले विचार.’’

एवढंच. कोणी हसलं नाही. देवरावने बाटली अर्धी ठेवली आणि निघाला. मला वाटलं, जिरली.

दुसऱ्या दिवशी कळलं की वच्छलाचा उजवा हात मनगटापाशी मोडला आहे. विहिरीवर घसरली असं तिने सांगितलं. गावाने ऐकून घेतलं.

सह्यांची पडताळणी शाळेत झाली. मी दुकान बंद करून लांब चिंचेखाली उभा होतो. वच्छला प्लास्टर गळ्यात अडकवून आली आणि साहेबांसमोर ताठ उभी राहून म्हणाली की, सही माझी आहे, हात चांगला होता तेव्हा केली होती. तिच्यामागे ज्या बाया यायच्या होत्या त्यांच्यापैकी थोड्याच आल्या. तिचा हात बघून प्रत्येक घरात नवऱ्याने बायकोला काय विचारलं असेल ते मी समजू शकतो. शोभाही आली नाही. वच्छला दारातून रस्त्याकडे सारखी बघत होती. अर्ज बारगळला. दुकान राहिलं. मालकांनी मला दिवाळीला शर्टाचं कापड पाठवलं. मी ते शिवलं नाही. तेवढ्याने काय होतं.

नंतर कळलं की वच्छला शोभाशी बोलत नाही. खिडकीचं आणि अंगणवाडीचं, दोन्ही शोभाला माहीत होतं. त्यात ती पडताळणीला आली नाही. वच्छलाने हिशेब जुळवला. शोभाने एकदा दोनदा तिच्या दारात जाऊन सांगितलं म्हणे की, मी घाबरले पण सांगितलं नाही. वच्छलाने दार लावून घेतलं. देवरावने माझं नाव घेतलं नाही. पिणारा माणूस आपल्या दुकानदाराला सहसा उघडा पाडत नाही. आणि वच्छलाला माझा संशय आला नाही, कारण मी ते गुपित इतकी वर्षं सांभाळलं होतं.

मी गप्प राहिलो. आज सांगतो, उद्या सांगतो.

काही वर्षांनी बायांनी पुन्हा उचल खाल्ली. पुढे वच्छलाच, या वेळी शोभाशिवाय. मतदान झालं. आडवी बाटली जिंकली. माझ्या हातानेच दुकानाची पाटी उतरवली आणि कळंबला एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागलो.

विषय बंदीचा आहे म्हणून प्रामाणिकपणे लिहितो. पहिले काही महिने गावात खरोखर फरक होता. संध्याकाळी बाया ओट्यावर बसलेल्या दिसायच्या. जे वाटेत दुकान होतं म्हणून प्यायचे ते सुटले. सर्वांत आश्चर्य म्हणजे देवराव सुटला. नदीकाठापर्यंत किंवा दुसऱ्या गावापर्यंत जायचा त्याला कंटाळा होता. कंटाळ्याने सुटलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. नदीपलीकडच्या बंदीला मी आयुष्यभर हसलो होतो, कारण तिकडचे पिणारे माझ्यासमोर येऊन उभे राहायचे. यायचा कंटाळा करून जे घरीच थांबले, ते मला दिसणार कसे होते?

मग नदीकडच्या पळसाच्या रानात हातभट्टी सुरू झाली. गूळ, नवसागर आणि आणखी काय काय. प्लास्टिकच्या थैलीत घरपोच. वेळ नाही, सुट्टी नाही. लहान पोरालाही मिळे. तिथे कोणती बाई कोणाला जाऊन सांगणार होती, आज एकच द्या म्हणून?

बाबारावला सकाळी हात स्थिर करायला काहीतरी लागणारच होतं. एका सकाळी त्याला समोरचं गिऱ्हाईक धुरकट दिसू लागलं. दुपारपर्यंत काही दिसेना. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, डोळे गेले.

आणि मी काय केलं? गावात भेटेल त्याला सांगत सुटलो की, मी आधीच म्हटलं होतं. माझ्या दुकानाची बाटली असती तर हे झालं नसतं. लोक माना डोलवायचे. काही जण वच्छलाच्या दारावरून जाताना मोठ्याने म्हणायचे, बायाईच्या बंदीनं माणूस आंधळा केला.

बाबारावला पाहायला मी दवाखान्यात गेलो तेव्हा वच्छला तिथे होती. बाबारावच्या बायकोजवळ ती रोज यायची, डबा आणायची. व्हरांड्यात बाकावर मला बसायला जागा करून दिली. मग म्हणाली, ‘‘भाऊ, तुमचं बरोबर होतं. मले वाटलं, दुकान गेलं का दारू जाते. माहं चुकलं.’’

मी इतके दिवस गावभर हेच ऐकायला फिरत होतो. तिने ते सरळ देऊन टाकलं. मला ते घेता येईना. मी म्हटलं, नाही वच्छलाताई, बंदीने देवरावभाऊ सुटला, ते कमी आहे का. ती हाताच्या मनगटावरून बोटं फिरवत होती. तो हात थंडीत दुखायचा, सरळ व्हायचा नाही. म्हणाली, ‘‘दारू सुटली त्याची. बाकी ह्या हातावर काई बोलला नाई तो कधी.’’ मग एकदम म्हणाली, ‘‘तवा शोभानं तसं कराले नको होतं. तिनं नसतं सांगतलं तर पहिल्याच टायमाले झालं असतं सगळं.’’

सांगायची जागा ती होती. मी चहा आणतो म्हणून उठलो.

बंदी की परवाना, याचं उत्तर माझ्याकडे नाही. परवान्याने बाबारावचे डोळे टिकले असते आणि देवराव पीत राहिला असता. बंदीने देवराव सुटला आणि बाबाराव गेल्यात जमा झाला. मी एवढंच सांगू शकतो की, दुकान असताना जो थोडा आवर होता तो परवान्याचा नव्हता. तो बायांनी माझ्यावर टाकलेल्या विश्वासाचा होता. तो मी एका टोमण्यापायी, चार माणसांत, फेकून दिला. पळसातल्या भट्टीवाल्याने निदान कोणाला तसा शब्द दिला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात कळलं की शोभा गाव सोडते आहे. नवरा वारला, मुलगा पुण्याला असतो, तो तिला घेऊन जाणार. घर विकलं. सामान बांधायला सुरुवात झाली होती. बायको सहज म्हणाली, दोघी इतक्या वर्षांत बोलल्या नाहीत, आता भेटही नाही व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वच्छलाकडे गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. देवराव आत खाटेवर होता. मी उभ्यानेच बोलायला लागलो. मालकांचा निरोप, बंद जिनिंग, नोकरीची भीती, देवरावचा टोमणा, असं दुरून दुरून आणत होतो. तिचं सूप थांबलं. ती म्हणाली, ‘‘ते नको सांगू. केलं काय, ते सांग.’’ तिने मला कधीच एकेरीत बोलावलं नव्हतं.

मी सांगितलं. दोन वाक्यं, जशी बोललो होतो तशी.

तिने मला शिवी दिली नाही. आत देवराव खोकला, बाहेर आला नाही. तिने सूप खाली ठेवलं. मग विचारलं, ‘‘शोभाले मालूम हाय?’’

मी नाही म्हटलं.

‘‘मंग माह्यापुढं काहून उभा हायेस?’’ ती उठली, पदर झटकला, चपला घातल्या आणि माझ्यापुढे चालू लागली.

शोभाच्या दारात टेम्पो उभा होता. तिचा मुलगा गाद्या चढवत होता. शोभा ओसरीत भांडी पोत्यात भरत होती. वच्छलाला फाटकात पाहून ती भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. दोघींचे केस पांढरे झाले होते. वच्छला बाजूला झाली, मला पुढे केलं आणि म्हणाली, ‘‘याले तुले काई सांगाचं हाय. आयकून घे. मंग मले तुले सांगाचं हाय.’’

मुलगा गादी खाली ठेवून थांबला. मी वाटेत जुळवलेलं सगळं सोडून दिलं आणि म्हणालो, ‘‘शोभाताई, देवरावभाऊले मी सांगतलं होतं. तुमी नाई. तुमच्यावर नाव आलं तेव्हा मले मालूम होतं, तरी मी चूप राह्यलो, आन् आजपावतो चूपच होतो. मले माफ करा.’’